आपलं जगणं आपणच नोंदवायला हवं



"स्त्री-अभ्यासात एम.ए. केलंस? म्हणजे नक्की काय शिकलीस गं?" तालुक्याच्या गावात हा प्रश्न हमखास विचारला जातो. लग्नाच्या बोलणीत विचारला जातो, हळदी-कुंकवाला विचारला जातो. विचारणाऱ्याच्या ओठांवर हलकंसं हसू असतं. "बायकांचा कसला आलाय अभ्यास? त्यापेक्षा बी.एड. केलं असतंस तर शाळेत तरी लागली असतीस." आणि एखादीने त्यात पीएच.डी. करायचं म्हटलं की मग विचारूच नका. "आता या वयात? मुलीची यंदा दहावी आहे ना?"

या हसण्याला उत्तर द्यायला हवं असं मला फार दिवस वाटतंय. बचत गटाच्या आणि महिला मंडळाच्या कामात फिरताना मला अशा मुली, अशा बायका भेटतात. एम.ए. झालेल्या, वाचणाऱ्या, मनात प्रश्न असलेल्या. कुणी अंगणवाडी सेविका आहे, कुणी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, कुणी घरीच आहे. त्यांना संशोधन करायचंय आणि घरात, गावात त्यांची टिंगल होते. म्हणून आजचा हा लेख.

आधी साधा प्रश्न घेऊ. बाईचा अभ्यास म्हणजे काय?

"तुमच्या सौ. काय करतात हो?" "काही नाही, घरीच असतात." हा संवाद आपण सगळ्यांनी ऐकलाय. आता दुसरी बाजू बघा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती मोजदाद होती. त्यात दिसलं, की बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवते. म्हणजे जवळजवळ पाच तास! आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा आकडे आले २८९ आणि ८८. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. तो वेगळा.

हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. आपली कंबर रोज रात्री तेच सांगते. पण कंबर सांगते ते कुणी ऐकत नाही, आकडा सांगतो ते ऐकावं लागतं. जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे पण कुणी मोजलेलं नाही, लिहिलेलं नाही, ते मोजायचं आणि लिहायचं. ते तसं का आहे याचा शोध घ्यायचा. स्त्री-अभ्यास म्हणतात तो हाच.

आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं देते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि यापूर्वी त्यासाठी तपासणी झाली होती शंभरातल्या फक्त आठ जणींची. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारदरबारी धरलं जायचं. अंगावरून जाणं, पोटात दुखणं हे "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून सोडून दिलेलं. दोन खेड्यांतल्या त्या अभ्यासाने जगभरच्या तज्ज्ञांना त्याची दखल घ्यायला लावली.

दुसरं उदाहरण बीड जिल्ह्यातलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भपिशवी मोठ्या प्रमाणात काढली जाते, ही कुजबुज कित्येक वर्षांची. पाळी आली की खाडा, खाडा झाला की पैसे कापले. २०१९ साली त्यावर ओरड झाली, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कुजबुजीचा आकडा झाला, तेव्हा कुठे विधिमंडळात प्रश्न गाजला.

आता सांगा, बायकांचा कसला आलाय अभ्यास?

हा विषय विद्यापीठात कसा आला, त्याची गोष्टही आपल्याशी जवळची आहे. १९७१ साली केंद्र सरकारने भारतातल्या स्त्रियांची स्थिती तपासायला एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ च्या अखेरीला त्यांचा 'समानतेकडे' हा अहवाल तयार झाला. स्वातंत्र्य मिळून पंचवीस वर्षं झाली, घटनेने समान हक्क दिले, म्हणजे बाईचं भलं झालं असणार अशी सगळ्यांची समजूत. अहवालाने दाखवलं, की पुरुषांच्या मानाने बायकांची संख्या घटतेय आणि त्यांचा रोजगारही घटतोय. शिकल्यासवरलेल्या समितीच्या बायकांनाही तो धक्काच होता. आपल्याच देशातल्या बायकांविषयी आपल्याला काही माहीत नव्हतं, हे तेव्हा कळलं.

त्याच १९७४ साली मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र सुरू झालं. देशातलं हे पहिलं केंद्र, नीरा देसाईंनी उभारलेलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या विद्यापीठातच ते व्हावं, हे योग्यच झालं. १९८१ साली स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच भरली. पुणे विद्यापीठात १९८७ साली स्त्री-अभ्यास केंद्र निघालं, त्याला पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. विद्युत भागवत, शर्मिला रेगे यांनी तिथे पिढ्या घडवल्या. बाईचा अभ्यास करताना तिची जात विसरून चालणार नाही, हे शर्मिलाताईंनी ठासून सांगितलं. २०१३ साली त्या अकाली गेल्या, पण त्यांचा तो आग्रह मागे राहिला.

आणि विद्यापीठाच्याही आधी? १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. ना पदवी, ना गाईड. आपल्यासारख्याच लहान गावातली बाई. सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांना नावं ठेवली जाऊ लागली. तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलून पुरुषांनाच जाब विचारला. पण पुढे काय झालं? ते पुस्तक लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्याला ताराबाई माहीत आहेत. मधल्या नव्वद-पंच्याण्णव वर्षांत किती ताराबाई हरवल्या असतील, कोण जाणे! बाईचं लिहिलेलंसुद्धा हरवतं, मग न लिहिलेल्याचं काय?

न लिहिलेलं शोधायला निघालेल्या दोघींची गोष्ट तर प्रत्येकीने वाचावी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत बायकाही होत्या. त्यांनी सत्याग्रह केले, सभा घेतल्या, पण इतिहासाच्या पुस्तकात त्यांची नावं नव्हती. या दोघी त्या वृद्ध बायकांना शोधत गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, लिहून घेतलं. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. पुढे २००८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. त्या दोघी दहा-पंधरा वर्षं थांबल्या असत्या, तर त्या आज्यांपैकी कितीजणी भेटल्या असत्या?

तसंच काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं केलं. खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. सासर, माहेर, सवत, दुष्काळ, भाऊ, विठ्ठल... सगळं त्यात आहे. गिरणी आली, जातं अडगळीत गेलं, ओवी गाणारे गळे थकले. पण त्या बायकांचं म्हणणं राहिलं.

इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांत मोठं काम झालंय, होतंय. पण आपल्या गावातल्या बाईपर्यंत पोहोचणार कोण? १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, हजारो शेतकरी बायका भाकरी बांधून आल्या होत्या. त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती'त कितीतरी गावांत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. त्या जमिनीचं पुढे काय झालं? सातबाऱ्यावर नाव राहिलं, की कर्जाच्या वेळी पुसलं गेलं? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशी ओलांडून गेल्यात. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर राखीव जागांवर निवडून आलेल्या आपल्याकडच्या पहिल्या महिला सरपंच आज म्हाताऱ्या झाल्यात. ग्रामसभेत त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या, तेव्हा काय झालं? हे कुठल्या दप्तरात लिहिलंय?

शहरातून येणारी संशोधक मुलगी प्रश्नावली घेऊन येते, दोन दिवस राहते आणि जाते. तिच्यासमोर आपली आजीबाई "सगळं बरं आहे" म्हणते. पण शेजारच्या गल्लीतली, ओळखीची, हातात हात घेऊन बसणारी कुणी असेल, तर तीच आजी मनातलं सांगते. हे आपलं भांडवल आहे. आणि ते दर वर्षी कमी होतंय.

कुणी म्हणेल, मग लिहा की! ताराबाईंना कुठे पदवी होती? खरंय. लिहायला पदवी लागत नाही. पण पदवीच्या निमित्ताने शिस्त लागते. मुलाखत कशी घ्यायची, सांगणारीचं नाव कधी झाकायचं, एकीच्या बोलण्याला दुसरा पुरावा कसा शोधायचा, आपल्याला हवं तेच तिच्या तोंडी कसं घालायचं नाही, हे शिकावं लागतं. ग्रंथालयं, जुने अंक, सरकारी कागद यांची दारं विद्यार्थिनी म्हणून सोपी होतात. आणि जिल्हा परिषदेत जाऊन "बायकांचे हाल आहेत" म्हणणं वेगळं आणि "माझ्या प्रबंधात या अमुक इतक्या बायकांची नोंद आहे" असं म्हणणं वेगळं.

आता व्यवहाराचं बोलू. "ताई, करायचं ठरवलं तर कसं?" हा प्रश्न मला नेहमी येतो.

एम.ए. झालं नसेल, तर आधी ते. स्त्री-अभ्यासात एम.ए. करायला शहरात राहणं शक्य नसेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे. कुठल्याही शाखेची पदवीधर घरी राहून ते करू शकते. मुंबई, पुणे, नागपूर इथे त्यांची विभागीय केंद्रं आहेत. मराठी, समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांत एम.ए. असलेल्या मुलींनाही आपापल्या विषयात राहून बाईच्या प्रश्नावर संशोधन करता येतं, हे लक्षात ठेवा.

पीएच.डी. मात्र पत्राद्वारे किंवा ऑनलाइन करता येत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागितले तर सावध! पण अर्धवेळ करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम बाईने नीट वाचावेत असे आहेत. एम.ए.ला ५५ टक्के गुण हवेत, राखीव गटांना पाच टक्क्यांची सूट आहे. प्रवेश परीक्षा किंवा नेट, आणि मुलाखत. २०२४ पासून नेटचे गुणही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी धरले जातात. स्त्री-अभ्यास हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. त्यानंतर फेरनोंदणी करून दोन वर्षं मिळतात आणि बायकांना आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षं. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी सगळ्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं, तर केलेलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात घेऊन जायची सोय आहे. लग्न ठरलं म्हणून अर्ध्यावर सोडलेले प्रबंध किती असतील! निदान यापुढे तरी "नियमात बसत नाही" असं कुणी सांगितलं, तर हा नियम दाखवा.

वयाची अट? पीएच.डी.ला नाही. नेटच्या फेलोशिपला मात्र आहे, तीस वर्षं, आणि बायकांना पाच वर्षांची सूट. ती मिळाली तर पूर्णवेळ संशोधन करणाऱ्या मुलीला महिन्याला काही हजार रुपये मिळतात, २०२३ पासून सुरुवातीची रक्कम ३७ हजार झाली. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असेल, तर आयोगाची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था संशोधनाला पैसे देतात. त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात येतात, मुदत थोडी असते. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलच्या चकरा मारण्यात तारीख निघून जाते.

आता कटू गोष्टीही बोलायला हव्यात. पहिली, गाईड मिळणं कठीण. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. म्हणून वर्षवर्ष थांबावं लागतं. काही ठिकाणी गाईडच्या घरची कामं करून घेतली जातात, पाकिटं मागितली जातात. हे चूक आहे आणि ते सहन करू नका. विद्यापीठात तक्रार करता येते, एकटीने जायची भीती वाटली तर चौघी मिळून जा.

दुसरी, तयार प्रबंध. "एवढे हजार द्या, सगळं लिहून देतो" म्हणणारे आता जिल्ह्याच्या गावीही बसलेत. असा प्रबंध म्हणजे भाड्याने आणलेला शालू. दोन तास मिरवायला ठीक, पण आपला नाही. ज्या बायकांच्या दुःखावर तो उभा आहे, त्यांची ती फसवणूक आहे.

तिसरी, नोकरी. खरं सांगते, स्त्री-अभ्यासाच्या पीएच.डी.ला नोकरीची हमी नाही. प्राध्यापकांच्या जागा थोड्या, विभागही थोडे. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली, तेव्हा या केंद्रांच्या निधीचं काय होणार म्हणून देशभर चिंतेचं वातावरण होतं. सामाजिक संस्था, आरोग्य प्रकल्प, सरकारी योजनांच्या पाहण्या यांत काम मिळू शकतं, पण ते आपोआप चालून येत नाही. म्हणून कर्ज काढून, दागिने मोडून या वाटेला जाऊ नका. कळकळ असेल तर जा.

आणि सगळ्यात मोठी अडचण घरातच आहे. ती २८९ मिनिटं! मुलगा पीएच.डी. करतो तेव्हा त्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं जातं, "आवाज करू नका" म्हणून घर दबकं होतं. सून पीएच.डी. करते तेव्हा "तेवढं कुकरला लावून बस" म्हणतात. सासूबाईंना, नवऱ्यांना माझं सांगणं आहे, तिला रोजचे दोन तास द्या. कौतुक नंतर करा, आधी वेळ द्या. आणि बायांनो, तुम्हीही तो वेळ मागायला शिका. न मागता मिळणारी गोष्ट म्हणजे फक्त काम!

तालुक्याच्या कॉलेजांकडूनही माझी अपेक्षा आहे. आठ मार्चला रांगोळी स्पर्धा आणि पाककला ठेवून महिला कक्षाची जबाबदारी संपत नाही. ग्रंथालयात स्त्री-अभ्यासाचं एक कपाट असू दे. मराठी पुस्तकं असू देत, कारण इंग्रजीच्या धाकाने कितीतरी मुली मागे फिरतात. अनेक विद्यापीठांत प्रबंध मराठीत लिहिता येतो, हे मुलींना नीट सांगितलं पाहिजे. गावातल्या वृद्ध बायकांच्या मुलाखती घ्यायचा एखादा प्रकल्प दर वर्षी विद्यार्थिनींकडून करून घेतला, तर दहा वर्षांत त्या तालुक्याचा इतिहास तयार होईल.

आणि ज्या हे करतील, त्यांच्याकडे एक मागणं. प्रबंध झाला की तो कपाटात ठेवू नका. ज्या बायकांनी आपली कामं टाकून तुम्हाला वेळ दिला, त्यांच्या ओसरीवर बसून तो त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. "तुम्ही सांगितलंत त्याचं हे असं झालं" एवढं त्यांना कळायला हवं. नाहीतर आपण त्यांच्याकडून घेतलं आणि फक्त नावाआधी 'डॉ.' लावलं, असंच होईल.

सुरुवातीला विद्यापीठाचीही गरज नाही. दोनशे पानी वही घ्या. घरातली, शेजारची, गल्लीतली सर्वांत वयस्क बाई निवडा. तिला विचारा, तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात, पहिली मजुरी किती मिळाली आणि ते पैसे कुणाच्या हातात गेले? मग गप्प बसा आणि ती बोलेल ते तिच्या शब्दांत लिहा. वर तारीख घाला. चार-पाच जणींचं असं लिहून झालं, की तुम्हालाच प्रश्न पडायला लागतील. आणि एकदा प्रश्न पडला, की गाईड, विद्यापीठ, फेलोशिप हे सगळं शोधायचं बळ आपोआप येतं.

फक्त फार थांबू नका. आज्या थांबत नाहीत.